खासदारांना मी हिंदीत दिलेलं उत्तर

दोह्याच्या अल मुंतझा भागात आमच्या समोरच्या दारात एक फिलिपिनो नर्स राहते. पहिल्याच दिवशी तिने मला "आते" अशी हाक मारली आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या नाशकात आत्या म्हणजे बापाची बहीण, आणि ही बाई माझ्याहून फार तर पाच वर्षांनी लहान! त्यांच्यात 'आते' म्हणजे थोरली बहीण, हे कळेपर्यंत मी तिच्याशी तुटकच वागले. पुढे मात्र आमचं इतकं जमलं की तिची भाषा मला समजते, असं मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगायला लागले. फोनवर आईशी बोलताना ती सारखी "हिंदी, हिंदी" म्हणायची. आपण शेजारणीकडून हिंदी शिकतोय हे ती कौतुकाने घरी सांगतेय, अशी माझी समजूत. मला अगदी भरून यायचं.

तिची लेक गावी होती आणि लेकीची शाळा नदीपलीकडे. पोरगी दप्तर डोक्यावर धरून बांबूच्या तराफ्यावरून जायची. पाऊस वाढला की हिचा इथे वाळवंटात जीव टांगणीला. एकदा तराफा उलटला, पोरगी कशीबशी काठाला लागली. तेव्हापासून हिने पुलाचा ध्यास घेतला.

पूल म्हणजे तिथल्या खासदारांच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट. आजोबा खासदार झाले, त्यांनी पुलाचं वचन दिलं. वडिलांनी एक खांब उभा केला. लागोपाठ तीनदाच निवडून येता येतं असा त्यांच्याकडे नियम, म्हणून मध्ये आई खुर्ची राखायला बसली. तिने उद्घाटनाची पाटी बसवून घेतली. आता मुलगा. हे गृहस्थ आधी वकिलीत नापास, मग एका सिनेमात इन्स्पेक्टर, मग नगराध्यक्ष, आणि ते पद बहिणीच्या ओटीत घालून खासदार. हे सगळं ऐकताना मला एकदम माहेरी गेल्यासारखं वाटलं.

तर हे खासदार दोह्यातल्या गाववाल्यांच्या स्नेहमेळाव्याला येणार होते. इथल्यांना त्यांना मत देता येत नाही, पण परदेशातून पैसे पाठवणाऱ्याचं घरात सगळे ऐकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. हिने ठरवलं, तोंडावर विचारायचं.

माझ्या स्वयंपाकघरात तालमी सुरू झाल्या. मी खासदार, हातातली पळी हा माईक.

"बोल, काय गाऱ्हाणं आहे?" मी दरडावायचे.

"थँक यू, सर," ती मान खाली घालून म्हणायची.

"अगं बये, थँक यू कशाचं? पूल कुठे बांधलाय त्याने?"

"आते, माझ्या बाळंतपणात त्यांच्या आईने तांदळाचं पोतं पाठवलं होतं."

पुढच्या तालमीत तिने मला निवडणुकीसाठी शुभेच्छा दिल्या. मी पळी ओट्यावर आपटली.

शेवटी तिच्या धीराला म्हणून मी मेळाव्याला गेले, तीही चांगली पैठणी नेसून. खासदार आले, पांढऱ्या कडक सदऱ्यात. आधी दोन प्रेमगीतं गायले, आणि खरं सांगते, बरी गायले. मग भाषण ठोकलं. मग माईक घेऊन खाली उतरले आणि पैठणी बघून थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काहीतरी लांबलचक विचारून त्यांनी माईक माझ्या तोंडाशी धरला. मी शेजारणीकडे पाहिलं, तर ती बशीतल्या नूडल्स मोजत असल्यासारखी बसलेली. दोह्यात समोरच्याचं काही कळलं नाही की आपण टॅक्सीवाल्याला, शिंप्याला जे विचारतो, तेच माझ्या तोंडून गेलं.

"हिंदी?"

हॉल चिडीचूप. ऐकू गेलं नसेल म्हणून मी आवाज चढवला.

"हिंदी! हिंदी!"

आणि सगळा हॉल उसळला. लोक टेबलं बडवायला लागले, शिट्ट्या झाल्या. खासदारांचा चेहरा साफ पडला.

"आते, हिंदी म्हणजे 'नाही'," शेजारीण माझ्या कानात पुटपुटली. "त्यांनी विचारलं, आमच्या घराण्याने दिलेला शब्द पाळला की नाही?"

खासदार कसनुसं हसत इंग्रजीत म्हणाले, "कोणता शब्द, मॅडम?"

मी माईक शेजारणीच्या हातात कोंबला. "यल्ला, चल," म्हटलं, "उठ आता."

ती उठली.

"थँक यू, सर," म्हणाली. झालं, बोंबला, असं माझ्या मनात आलं. पण तिने माईक खाली ठेवला नाही. "पूल, सर. माझी मुलगी नदीत पडली होती."

एवढंच बोलून ती रडायला लागली, आणि पैठणीच्या पदराला डोळे पुसत मीही. सगळ्यांचे फोन वर होते. इतक्या कॅमेऱ्यांसमोर त्या माणसाला हो म्हणण्यावाचून इलाजच नव्हता.

घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे फोनवर तिची आई विचारत असणार, या वर्षी येतेस का, आणि ही नाही म्हणायची. आणि इकडे मला कौतुकाने भरून येत होतं! मला स्वतःचा इतका राग आला की टॅक्सीत मी तिचा हात सोडलाच नाही.

निवडणुकीच्या तोंडावर पूल झाला. लोखंडी, माणसांपुरता, आणि त्यावरचा खासदारांचा फोटो पुलाहून रुंद. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर पोरगी पुलाच्या मधोमध उभी होती, दप्तर पाठीवर. मी विचारलं, आता तराफ्यावर बसतेस का गं? आईने तिला तिच्या भाषेत सांगितलं. पोरगी खदखदून हसली आणि कठड्याला धरून ओरडली, "हिंदी!"