एसीच्या पाण्यावरचं अळू

जेद्दात एसीच्या पाण्याला तोटा नाही. समुद्राची दमट हवा आणि प्रत्येक खोलीत घरघरणारं यंत्र, त्यामुळे आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर वर्षभर नळ्या ठिबकत असतात. त्या ठिबकण्यावर माझ्या बायकोने अळू लावलं. कंद चिपळूणहून मोज्यात गुंडाळून आणला होता. पुढे ते इतकं माजलं, की दर शुक्रवारी जमणारी मराठी मंडळी वड्यांचं ताट दिसताच पोट बिघडल्याचं सांगू लागली.

जागा अर्थात आमची नव्हती. तिथे बिल्डिंगचा सुदानी चौकीदार मुलुखिया लावायचा. ही त्यांची पालेभाजी, शिजली की भेंडीसारखी बुळबुळीत. कुठली नळी जास्त गळते, हे आम्हाला त्यानेच दाखवलं. मग अळू पसरलं, बायकोने भोवती जाळी ठोकली आणि त्याची भाजी जिन्यामागच्या कोपऱ्यात गेली. जाळी ठोकायला हातोडीही त्यानेच आणून दिली. आम्हीही त्याला सणासुदीला वड्या पाठवत होतो, इतकी आमची दानत.

आठवीतल्या मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं: इंग्रजांनी समुद्रापार वसाहती का आणि कशा वसवल्या. असा विषय मराठी बापाला मिळणं म्हणजे पर्वणीच. इंग्रजांना आपणच बखोटीला धरून बाहेर काढलं, अशा थाटात मी सुरू झालो.

"सोन्याच्या आशेने अमेरिकेला गेले. व्यापाऱ्यांनी कंपनी काढली, राजाकडून सनद घेतली, जहाजं भरली. कुणाला जमीन हवी होती, कारण घरची सगळी थोरल्या भावाकडे जायची. कुणाला आपल्या पद्धतीने देव भजायचा होता. पण जाणाऱ्यांत साहेबच फार! नांगर कोण धरणार? खड्डे खणले ते सोन्यासाठी. उपासमार झाली तेव्हा तिथल्या लोकांनी मका दिला, म्हणून जगले. आणि पोट भरल्यावर काय केलं? कुंपण घातलं."

"लाइक मम्मीज जाळी?" मुलीने विचारलं.

बायकोचा भाजी वाढणारा हात थांबला. मी घाईघाईने फरक समजावला. ते मालक व्हायला गेले होते, आपण नोकरीला आलोय.

"देन हाऊ लाँग कॅन वी स्टे?"

"कफील ठेवेल तोवर," मी म्हणालो. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण या देशात राहतो तो. माझ्या बाबतीत, ज्याच्या प्रयोगशाळेत मी काम करतो ते रुग्णालय. उत्तर मी अगदी बेफिकिरीने दिलं. आमच्या शुक्रवारच्या बैठकीत प्रत्येकाची पक्की समजूत होती, की आपण उठून गेलो तर हा देश दुसऱ्या दिवशी आजारी पडेल. अर्धं आयुष्य इथे काढून आम्हाला अरबी येत होतं ते खलास आणि यल्ला, म्हणजे 'संपलं' आणि 'चला', एवढंच, पण आत्मविश्वास मात्र राज्यकर्त्यांचा.

महिन्याभरात मॅनेजरने मला बोलावलं, गोड चहा पाजला आणि करार वाढवणार नसल्याचं फार अदबीने सांगितलं. माझ्या जागी माझ्याच हाताखाली शिकलेली सौदी मुलगी येणार होती. मुलगी हुशार, कामाला चोख, आणि देश तिचा. राग काढायलाही कुणी शिल्लक ठेवलं नव्हतं.

घरी येऊन मी उसनं अवसान आणलं. "बरंच झालं. किती दिवस परक्या मुलखात राहायचं? आता आपल्या घरी परत जाऊ."

माझी मुलगी आमच्या मराठीला इंग्रजीतून उत्तर देते. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

"तुम्ही परत जाताय, बाबा. मी परत नाही जात. मी तिथे कधी राहिलेच नाही."

तिचा जन्म इथला. चिपळूण म्हणजे तिच्या लेखी मे महिन्यातले आंबे, डास आणि गाल ओढणारे नातेवाईक. इंग्रजांवर तासभर बोलणारा मी उठून कपाटावरच्या बॅगा काढू लागलो.

आवराआवर सुरू झाली. बायकोने जाळी उपटली आणि अळू चौकीदाराच्या हवाली केलं. त्याने आभार मानले आणि मग संकोचून सांगितलं, की त्या वड्यांनी त्याचा घसा खाजतो. इतकी वर्षं बिचारा आमचा पाहुणचार सोसत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मुलगी माझ्यापुढे एक मोजा घेऊन उभी राहिली. तोंडाला गाठ मारलेली, आत काहीतरी खुळखुळत होतं.

"मुलुखियाचं बी. अम्मोने दिलं." चौकीदाराला ती अम्मो म्हणते, अरबीत काका. "चिपळूणला काकाच्या घरामागे जागा आहे ना? तो देईल? थोडीशीच हवी."

"देईल की."

तिने मोजा बॅगेत कपड्यांच्या खाली नीट दडवला, आणि मग तिला आठवलं.

"बाबा, तिथे एसीचं पाणी कुठल्या बाजूला पडतं?"