स्वेटरचं बटण

गोल्फमध्ये भोकाजवळच्या हिरवळीवर दुसऱ्याला वाट द्यायची असली, की चेंडूमागे खूण ठेवून आपला चेंडू उचलतात. बहुतेक जण एखादं नाणं ठेवतात. माझ्याबरोबर खेळणारे नाना मात्र तपकिरी बटण ठेवतात. ते काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, स्वेटरचं आहे. काकू गेल्या वर्षी गेल्या.

आज ते बटण नेमकं माझ्या चेंडूच्या वाटेत आलं.

“नाना, जरा सरकवता का?”

नानांनी ते चार बोटं बाजूला सरकवलं. माझं खेळून झाल्यावर ते मूळ जागी आणायला हवं होतं. पण नानांनी सरकवलेल्या जागीच चेंडू ठेवला आणि मारला. तो अलगद भोकात गेला.

उचललेला चेंडू परत येणार, या भरवशावर माणूस खूण ठेवतो. या बटणाला तसला कसलाच भरवसा नव्हता, तरी ते इमानानं काकूंची जागा राखत होतं.

तेवढ्यात नाना थबकले. “अरे, बटण परत आणायचं राहिलं की! दोन फटके दंड लिही मला.”

“जाऊ द्या हो, नाना. कोण बघतंय?”

त्यांनी बटण शर्टाला पुसलं. “ती असती तर सोडलं असतं का मला?”

मी कार्डावर त्यांचे दोन फटके वाढवले.