आमच्या मळ्यात आणलेला पाळणा

जत्रेतला गोल फिरणारा पाळणा भाड्यानं आणायचं खूळ बाच्या डोक्यात माझ्या थोरल्या बहिणीनं घातलं. तिनं मागितलं आणि बाला नाही म्हणवलं नाही. मी मागितलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता, हे मी आजही छातीठोक सांगते.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती, मी नऊची. पहिली मतदानं होऊन दोन-तीन उन्हाळे उलटले असतील. कारंजा गावाच्या अलीकडे आमचा भाजीपाल्याचा मळा होता. कांदे निघाले की वैशाखात बा तिथं रोडग्यांचं जेवण घालायचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे, वर वांग्याची झणझणीत भाजी, आणि आंब्याखाली भाऊबंदांचा नुसता गलका. बहिणीचं लग्न माघातच लागलं होतं. नांदायला जायची होती ती पावसाळ्याच्या तोंडी. म्हणजे आमच्या घरची पोरगी म्हणून तिचं हे शेवटचंच जेवण. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, बोलत मात्र कोणी नव्हतं.

"बा, मले एकडाव पाळन्यात बसू दे," ती म्हणाली. "मंग मी जातो बापा, तुमी म्हनान तवा."

जत्रेतल्या पाळण्याची बानं धास्ती घेतली होती. आदल्या साली ती रांगेत उभी असतानाच वरची पेटी निसटली आणि एका पोराचा हात मोडला. बानं तिला दंडाला धरून ओढत घरी आणलं. त्यानंतर वर्षभर तिचं एकच तुणतुणं. लग्नात बोहल्यावर उभी होती तेव्हाही हिच्या मनात पाळणाच फिरत असेल, असं मला वाटतं.

बा कबूल झाला, पण आपल्या पद्धतीनं. जत्रा आटोपून परत निघालेला एक पाळणेवाला त्यानं गाठला. दोन खांब, मधे आडवा कणा, चार लाकडी पेट्या, आणि सगळं हातानं फिरवायचं. बा म्हणाला, काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खांब हलतील. म्हणून विहिरीपासून लांब, मुरमाड जागा शोधली. कमरेएवढे खड्डे खणले, त्यात दगड भरले, पाणी मारलं आणि धुमसानं ठोकून ठोकून जमीन फरशीसारखी केली. पाळणेवाल्याचे जुने दोर फेकून मोटेचा नवा नाडा लावला. पेटीतून पोरगं घसरू नये म्हणून प्रत्येक पेटीला आडवा बांबू बांधला. लहान पोरं लहानांसोबत, मोठी मोठ्यांसोबत. कोणी उभं राहायचं नाही. म्हशी पार नाल्यापलीकडे बांधायच्या. हे सगळं तो रोज जेवताना आम्हाला पाठ म्हणून दाखवायचा. आम्ही घास चावायचं सोडून माना हलवायचो.

"पाळना आनून राह्यले का पूल बांधून राह्यले?" माय म्हणायची.

आणि मग बानं माती खाल्ली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. जेवणाच्या चार दिवस आधी तो धुतलेलं धोतर नेसून, मोटारीनं थेट आमच्याकडच्या मालेगावला गेला आणि बहिणीच्या सासऱ्याला आवतण देऊन आला. का? तर लेक दिली तिथला मान. गावजेवण घालायचं आणि व्याह्याला वगळायचं, हे आमच्याकडे कोणाच्या बापजन्मी झालं नव्हतं.

"व्याही यून राह्यले," घाम पुसत त्यानं सांगितलं. "लय खूश झाले."

माय गहू निवडत होती. तिचे हात थांबले. "सासऱ्याच्या म्होरं सून पाळन्यात बसन का?"

बाचं तोंड उतरलं. आमच्यात सासरचं माणूस समोर असलं की सून पदर घेऊन उभी राहते. खाली बसायचीसुद्धा चोरी, मग झोके घेणं तर दूरच. बाला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण मानपान करताना त्याला पोरगी दिसली नाही, व्याही दिसला. माझा त्याच्यावरचा राग तिथंच आहे, आणि तो गेलेला नाही.

मग त्यानं तोड काढली. व्याही येणार जेवणाच्या दिवशी, दुपारच्या गाडीनं. त्याच्या आदल्या दिवशीच पाळणा उभा करायचा आणि बहिणीला पहिल्यांदा बसवायचं.

आदल्या दिवशी दुपारी पाळणा उभा राहिलाही. बहीण केस विंचरून, जुन्या परकरात, खाली येऊन थांबली. पण बाचं समाधान होईना. आधी कांद्याची पोती घालून फिरवू, म्हणाला. चारी पेट्यांत पोती चढली. फिरवलं, थांबवलं, खुंट्या पाहिल्या, पुन्हा फिरवलं.

"मालक, इतके कायले भेता?" पाळणेवाला वैतागला. "आता कांद्यांले चक्कर येईन."

"अजून एकडाव," बा म्हणाला. "लेकरू बसनार हाये त्याच्यात."

कांदे वर जात होते, खाली येत होते, आणि बहीण खांबाशी उभी राहून मान वर-खाली करत होती. तेवढ्यात मळ्याच्या वाटेनं तीन पागोटी येताना दिसली. व्याही, सोबत दोन भाऊबंद, काखेत नवं लुगडं. एक दिवस आधीच. बहीण पळत मळ्यातल्या घरात गेली ती लुगडं नेसून, पदर घेऊनच बाहेर आली.

"उद्याचा दिवस चांगला हाये," सासरा बाला म्हणाला. "पोरीले संगच नेतो म्हनलं. पावसाळ्याची वाट कायले पाह्याची?"

बा हात जोडून म्हणाला, "लेकरू हाये अजून. पाळन्यात बसाची लय हौस हाये तिले."

माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाला, "माही काई ना नाई. पन उद्या चार गावचे लोक येतीन. पाहा बा तुमीच."

तुम्हीच पाहा म्हटल्यावर बा काय पाहणार? त्यानं पेट्यांतली पोती उतरवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, आणि पाळणा असा फिरला की कोणाला खरचटलंसुद्धा नाही. लोकांनी बाची तारीफ केली. बहीण नव्या लुगड्यात, नाकापर्यंत पदर ओढून, पाळण्याजवळच रांजणातलं पाणी देत उभी होती. पोट्टे उतरायचे, तिच्या हातचं पाणी प्यायचे, पुन्हा चढायचे. मी सात वेळा बसले. सात! तिच्याकडे बघायचीही मला आठवण राहिली नाही.

ऊन उतरल्यावर त्यांना मोटारीपर्यंत सोडायला बैलगाडी जुंपली. माय रडत होती, बा बैलांच्या कासऱ्याशी उगीच खटपट करत होता. बहिणीनं मला गाडीच्या चाकाजवळ ओढलं.

"वरून काय दिसते वं?" तिनं विचारलं.

"मले काय मालूम?" मी म्हणाले. "मी तं डोळे मिटून घेतले होते."

"साती डाव?"

"हौ."

"बरं," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

ती पुन्हा माहेरी आली ती दोन वर्षांनी, बाळंतपणाला, आणि त्यातच गेली. मळा दिसतो, म्हणायचं होतं. विहीर दिसते, कारंज्याचा रस्ता दिसतो, तू दिसत होतीस, काहीही म्हणायचं होतं. एरवी मी दिवसातून दहा वेळा खोटं बोलायची. नेमकी त्या दिवशी मला खरं बोलायची अवदसा आठवली.