जोडव्याऐवजी निघालेलं बक्कल

पुण्याहून मुळशीच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो तेव्हा मी बाविशीचा होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. ती ज्यांनी मोडून काढली त्या काकींच्या पडवीत मी राहत होतो. काकींच्या उजव्या पायात जोडवं होतं, डाव्या पायात नव्हतं. मागच्या पावसाळ्यात आवणी करताना, म्हणजे भाताची रोपं लावताना, ते खाचराच्या चिखलात गेलं होतं. बायका टोमणे मारत. काका म्हणत, "दुसरी जोडी करू की, त्यात काय!"

"दुसरी कशापायी? हरवलं न्हाई त्ये. खाचरातच हाय."

काकींच्या आईनं स्वतःचे वाळे मोडून लेकीच्या लग्नात ती जोडवी घडवली होती. आई आता नव्हती. त्यामुळे काकी आठ-नऊ महिने एका जोडव्यावर, ताठ मानेनं गावभर हिंडत होत्या.

उन्हाळ्यात, भुईत पुरलेले सुरुंग हुडकायच्या सरावासाठी लष्कराची एक लहानशी तुकडी आली. लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटाएवढी चकती, कानाला यंत्र. जवान चकती जमिनीवरून फिरवी आणि खाली धातू असला की त्याच्या कानात शिटी वाजे. काकींनी दोन दिवस हे बांधावरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला दंडाला धरून तुकडीच्या हवालदारापुढे उभं केलं.

"मास्तर, इचारा त्येला. चांदीबी घावती का?"

हवालदार उत्तरेकडचा, भल्या मोठ्या मिशांचा. त्याला काकींचं बोलणं कळेना, काकींना त्याचं. दुभाष्या मी! असली भूमिका कोण सोडतो? मी छाती पुढे काढून जोडव्याची कर्मकहाणी हिंदीत अशी रंगवली की जवानांचे डोळे पाणावले. निदान मला तसं वाटलं. हवालदार म्हणाला, "चलो माताजी, आज आपके खेत में ही प्रॅक्टिस."

जोडवं गेल्याचं कुठं लक्षात आलं ते काकींनी दाखवलं. खाचराच्या मधोमध, दगडापाशी. "तवा माझं त्वांड डोंगराकडं हुतं," एवढं सांगून त्या चहा ठेवायला घरी गेल्या. पुढचं गणित मी केलं. तोंड डोंगराकडे, म्हणजे बाई डोंगराकडे चाललेली. म्हणजे ती तळ्याकडून आली. म्हणजे जोडवं दगड आणि तळं यांच्यामध्ये पडलं. मी हवालदाराला तसं ठणकावून सांगितलं.

दोन तास चकती फिरली. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचे खिळे निघाले, विळ्याचं मोडकं पातं निघालं. मग एक जोरदार शिटी झाली आणि जवानानं ढेकळातून हिरवट काहीतरी उपसलं. चहा घेऊन नुकत्याच आलेल्या काकी किटली टाकून धावल्या, पदरानं माती पुसली आणि त्यांचा चेहरा पडला. ते होतं पितळेचं बक्कल, कडीवर सिंहाचं तोंड कोरलेलं, मधला काटा अजून हलणारा. तेवढ्यात तिथं आलेले तुकडीचे साहेब मात्र हरखले. "बहुत पुराना लगता है. पुणे के जानकारों को दिखाता हूँ," म्हणाले. (पुढे त्यांचा निरोप आला, की शिवकाळाच्याही आधी कुणीतरी ते कमरेच्या पट्ट्याला लावत असे.) त्यांनी हात पुढे केला. काकींनी बक्कल कनवटीला खोचलं.

"माझं जोडवं द्या, मग ह्ये न्या."

हे मी भाषांतरित करण्याची गरज पडली नाही.

हवालदार घाम पुसत म्हणाला, "माताजी, इधर सब देख लिया. नहीं है."

"हिकडं?" काकी माझ्याकडे वळल्या. "मास्तर, हिकडं कशाला बगितलं? हिकडं मी गेलेच न्हवते!"

"पण काकी, तोंड डोंगराकडे होतं ना?"

त्यांनी कपाळावर हात मारला. मग सगळ्या फलटणीसमोर नऊवारी वर खोचली, कमरेत वाकल्या आणि कोरड्या खाचरात नसलेली रोपं लावू लागल्या. लावताना एकेक पाऊल मागे, मागे. लावलेलं समोर राहतं आणि बाई मागे सरकत जाते, नाहीतर स्वतःचीच रोपं तुडवील. हे अख्ख्या मुळशीत फक्त मला माहीत नव्हतं.

"त्वांड डोंगराकडं, चाल तळ्याकडं! पुण्याला भात कसा खाता वो तुमी?"

जवान हसून लोळायचे बाकी राहिले. मीही हसलो, कान लाल करून. साहेबांनी घड्याळ पाहिलं. परतायची वेळ झाली होती. काकी बांधावर मांडी घालून बसल्या, कनवटीवर हात ठेवून. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि चकती दगडापासून डोंगराच्या बाजूला लावायला सांगितली.

उन्हं कलली तेव्हा बारीकशी शिटी झाली. चार बोटं खोल ढेकूळ निघालं. ते फोडायला काकींनी कुणाला हात लावू दिला नाही. आत जोडवं होतं, काळं पडलेलं. त्यांनी ते तिथंच खाली बसून बोटात चढवलं, थोडं दाबलं आणि बराच वेळ पायाकडे बघत राहिल्या. जवानानं कानावरचं यंत्र उतरवलं.

मग काकींनी बक्कल काढून साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"न्या. आन् ज्याचं हाय त्येची बायकू हुडकत आली, तर तिला म्हणावं, मुळशीत घावलं."