जास्तीचे काढे

शी! बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर ती बाटली खळकन वाजली, की अजूनही माझं तोंड वाकडं होतं. नवरा बसलेला असतो काढे उकळत. खोटे काढे, गेममधले. मी किचनचं दार लोटून घेते आणि भाजी चिरते. एके काळी तो आवाज आला की मीच आतून ओरडायचे, "आला का रे जास्तीचा?"

लग्नानंतर दिंडोशीच्या घरात आम्ही दोघं हा ऑनलाइन गेम खेळायला लागलो. जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात, राक्षस मारतात. राक्षसांत मला रस नव्हता. मला रानात हिंडून मुळ्या-फुलं खुडायला आवडायचं. गेममध्ये प्रत्येकाला एखादा धंदा शिकता येतो, कुणी लोहार, कुणी शिंपी. नवऱ्याने लढताना ताकद देणारे काढे करायचं घेतलं. पण हात बसेपर्यंत हजारो मुळ्या फुकट उकळाव्या लागतात आणि सुरुवातीचे काढे कुत्रंही पिणार नाही असे होतात. एकट्याच्या बापाला परवडत नाही.

म्हणून आमच्या गिल्डने, म्हणजे गेममधल्या आमच्या मंडळाने, चक्क वर्गणी काढली. बोरिवली ते मुलुंड पसरलेली सगळी आपलीच माणसं. सगळ्यांनी मुळ्या द्यायच्या, एकाचा हात तयार करायचा आणि मग त्याने सगळ्यांना फुकट काढे करून द्यायचे. नवऱ्याला निवडलं ते माझ्यामुळे. मी सगळ्यांची वहिनी. मुळ्या माझ्याकडे यायच्या, तयार बाटल्या मीच वाटायचे. "वहिनींकडे दिलं ना, मग टेन्शन नाही," असं म्हणायचे. मला ते ऐकून काय भारी वाटायचं!

हात पक्का झाला की कधीकधी एका बाटलीच्या मालात दोन-तीन बाटल्या निघतात. या जास्तीच्या बाटल्या मंडळाच्या पेटीत टाकायच्या, ज्याला खुडायला वेळ नाही त्याला मिळतील, असं ठरलं होतं.

आमच्याकडे मे महिन्यात मालवणी मसाला कुटायला डंकनवर, म्हणजे कुटायच्या गिरणीत नेतात. आपल्या मिरच्या कुटून होईपर्यंत बाई तिथून हलत नाही. नाकातोंडातून पाणी वाहतं, शिंका थांबत नाहीत, डंकनवाला वर्षानुवर्षं ओळखीचा असतो, तरी नाही हलत. न जाणो, मूठभर काढून घेतल्या तर? माझी नजर जरा इकडेतिकडे गेली की आई खेकसायची, "खंय बघतंस? मिरच्यांकडे बघ!" गिल्डमधल्या निम्म्या घरांत हेच चालतं. आणि इथे त्याच माणसांनी पोत्याने माल दिला आणि पाठ फिरवली. का, तर आपला माणूस!

जास्तीच्या बाटल्या काही येईनात. नवरा म्हणायचा, "नशीबच फुटकं यार, एकसुद्धा नाही आली."

मुलुंडची एक बँकेत काम करणारी बाई होती. शनिवार दुपारच्या मोठ्या लढाईला तिला कधी कुणी घेतलं नव्हतं, कारण तिच्याकडे पुरेसे काढे नसायचे. तिने सुट्ट्या घालवून बर्फाच्या तळ्याकाठची दुर्मिळ फुलं जमवली आणि माझ्याकडे दिली. मोजक्याच बाटल्या परत मिळाल्या, तरी तिने माइकवर नवऱ्याला थँक्यू म्हटलं. कमी पडल्या म्हणून बिचारीने गेमच्या बाजारात अव्वाच्या सव्वा भावाने विकत घेतल्या. बाटलीवर करणाऱ्याचं नाव असतं. विकणारा कुणी भलताच होता, पण करणारा माझा नवरा.

तिने ग्रुपवर बोंब नाही मारली. मला एकटीला विचारलं, "वहिनी, हे काय?"

मी नवऱ्याला विचारलं. त्याला लाज? छे! उलट उत्साहाने सांगायला लागला. "अगं, शनिवारच्या आधी झकास रेट मिळतो. विकायला दुसऱ्या नावाने कॅरेक्टर उघडलंय. ते गेममधलं सोनं घेणारे आहेत ना, खऱ्या पैशात! हे हेडफोन कुठून आले वाटलं तुला?" ज्या हेडफोनमधून तो त्या बाईचं थँक्यू ऐकत होता, ते हेडफोन.

"गेम आहे गं," तो म्हणाला. "कुणाच्या घरचं काय गेलं?"

शनिवारी सगळे जमले तेव्हा मुलुंडवालीने सगळ्यांसमोर विचारलं, जास्तीच्या बाटल्या गेल्या कुठे? आम्ही दोघं एकाच पलंगावर बसलेलो, गुडघ्याला गुडघा लागलेला. नवरा माइकवर म्हणाला, "वाटप हीच करते रे. हिला आकडे कुठे जमतात! हिनेच घोळ घातला असेल, मी बघतो." मग माइकवर हात धरला आणि मला डोळा मारला. डोळा मारला मेल्याने!

मी माझा माइक चालू केला. "घोळबिळ काही नाही. याने चोरून विकल्या आणि पैसे खाल्ले."

मला वाटलं, आता याला हाकलतात. तेवढ्यात बोरिवलीचा एक जण हसला. "डोकं आहे हां साल्या तुला! पुढच्या वेळी आपला पण हिस्सा ठेव ना." मग बाकीचेही हसले. कुणीतरी म्हणालं, "चला रे, काढे वाट, उशीर होतोय." मुलुंडवाली निघून गेली, ती परत कधी आली नाही. तिच्यामागून मीही गेम बंद केला. त्यांची लढाई झाली, जिंकले म्हणे. थू!

नवरा म्हणतो, खोट्या बाटल्यांसाठी किती दिवस तोंड फुगवणार आहेस? खरं आहे, बाटल्या खोट्याच होत्या. पण परवा त्याने पापलेट आणलं आणि भाव सांगितला. मी बरं म्हटलं, मासे साफ केले, कालवण केलं, दोघं जेवलो. दुसऱ्या दिवशी खाली उतरून कोळणीला विचारलं, काल आमच्या याला पापलेट कितीला दिलं गं? तिने तोच भाव सांगितला. आणि तरी मी तिथेच उभी राहिले, हिलाही त्याने पढवून ठेवलं असेल का, असा विचार करत.