पोट भरलेला माणूस

जेवणानंतरची साखर तपासायला लॅबमध्ये बसलो होतो. समोर डबा खाणारे आजोबा अर्ध्या पोळीवरच थांबले आणि बायकोला म्हणाले, "बास गं, पोट भरलं." मी देवदर्शनाला आल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिलो. डॉक्टर सांगतात, आतड्यातून एक हार्मोन निघतं, ते इन्सुलिनला जागं करतं, मेंदूला 'पुरे' म्हणतं. मी अख्खा हत्ती माहुतासकट खाल्ला तरी माझी आतडी हूं की चूं करत नाहीत. साखर उतरली नाही तर पायाचा अंगठा जाणार आहे. सारं गाव मला 'पुरे' म्हणतं. आतून एकदा तरी कुणी म्हणावं हो!

"एवढी उरलीये, घ्या की," आजी म्हणाल्या. मी जेवून आलो होतो, आता रक्त देईपर्यंत काही खायचं नव्हतं. मी "नको" म्हणालो खरा, पण तोवर हात पोळीपर्यंत पोचला होता.