वहीत नसलेला गूळ

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर न्यू जर्सीत ब्रिटिश घोडदळाने जी माघार घेतली, तिला शैलाकाकूचा लाडवांचा डबा कारणीभूत होता, अशी आमच्या कुटुंबात समजूत आहे. ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची आहे. कारणीभूत मी होते.

हे घोडदळ अर्थातच हौशी होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाया जुन्या वेशात पुन्हा खेळून दाखवणारी मंडळी तिकडे आहेत. त्यांतल्या काहींना नाइलाजाने इंग्रज व्हावे लागते. आमच्या तुकडीत सहा स्वार आणि सहा घोडे होते. कॅप्टन हॅरल्ड आठवडाभर विमा विकत असे आणि रविवारी लाल कोट चढवून राजाशी एकनिष्ठ होत असे. मी प्राणिशरीरशास्त्रात पीएच.डी. करत होते. माझे गृहीतक असे : वर्षभर शिस्तीत कवायत केली, की तोफेच्या आवाजाने घोड्याचे हृदय धडधडत नाही. दर रविवारी कवायतीनंतर ठोके मोजायचे, ऑक्टोबरातल्या मोठ्या लढाईत शेवटची नोंद करायची आणि वसंतात पदवी घ्यायची. (हे सारे मी आलेखाच्या कागदावर आखले होते.)

जवळच्याच पिस्कॅटवे गावात मी बापूकाकांकडे राहत असे. माझा बेत ऐकून काकांनी पेपर खाली ठेवला.

"इंग्रजांचे घोडे? अगं, आमचे आजोबा त्यांच्या तुरुंगात गेले, आणि तू त्यांच्या घोड्यांचे ठोके मोजणार?"

"काका, तो कॅप्टन इन्शुरन्स एजंट आहे."

"मग तर आणखीच जपून!"

जानेवारीत मैदान गोठलेले होते आणि घोडे क्षणभरही स्थिर उभे राहत नव्हते. मेजर नावाच्या घोडीने (हो, घोडीच, नाव कुणी ठेवले हे मी विचारले नाही) माझ्या स्टेथोस्कोपची नळी चावून पाहिली. मी घरी येऊन तक्रार केली.

"दमून आलेल्याच्या छातीला तू थेट गारढोण पत्रा लावतेस!" काकू म्हणाली. "आधी काहीतरी दे की तोंडात टाकायला. घरी कुणी दमून आलं तर आपण गूळ-पाणी देतो ना?"

आणि तिने सुटकेसमधून आलेला कोल्हापुरी गूळ एका स्टीलच्या डब्यात भरून दिला. डब्याचे झाकण घट्ट बसत असे. ते कुंपणाच्या लोखंडी खांबावर दोनदा आपटावे लागे : टण, टण!

परिणाम विलक्षण होता. गूळ चघळणारा घोडा पुतळ्यासारखा उभा राहतो. फेब्रुवारीत बर्फात कवायत झाली, एप्रिलमध्ये चिखलात. जुलैत गावोगावच्या मिरवणुका निघाल्या आणि आइस्क्रीम खाणाऱ्या प्रेक्षकांनी आमच्या तुकडीची मनापासून हुर्यो उडवली. मी सारे टिपले : तापमान, आर्द्रता, वैरण, अगदी नाल ठोकल्याची तारीखसुद्धा! गूळ मात्र टिपला नाही. गूळ म्हणजे आहार नव्हे, आगतस्वागत. पाहुण्याला चहा दिला, याची कुणी वहीत नोंद करते का?

ऑक्टोबर उजाडला. या लढाईत इंग्रज जिंकतात, असे इतिहासात आहे. तीन तोफा, घोडदळाचा हल्ला आणि बंडखोरांचे झाडीत पलायन, असा क्रम ठरलेला होता. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिका जातीने आल्या होत्या. काका-काकू घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. (काका बंडखोरांच्या बाजूने.)

पहिली तोफ उडाली. घोड्यांचे कानही हलले नाहीत. दुसरी उडाली. "रिमार्केबल!" प्राध्यापिका म्हणाल्या. मला पदवीदानाचा झगा अंगावर जाणवू लागला. हॅरल्डने तलवार उपसली.

"अगं, बाई केव्हाच्या उभ्या आहेत," काकू कुजबुजली. "त्यांना लाडू तरी दे."

"काकू, आत्ता नको!"

"आत्ता नको म्हणजे? उपाशी राहायचं त्यांनी?"

आणि तिने लाडवांचा डबा काढला. झाकण घट्ट बसले होते. तिने ते खुर्चीच्या दांडीवर आपटले.

टण, टण!

सहाही घोड्यांनी एकाच क्षणी माना वळवल्या. (वर्षभराच्या कवायतीत इतका एकोपा दिसला नव्हता.) मग शत्रूकडे पाठ करून, कसलाही गोंधळ न घालता, ते दुडक्या चालीने आमच्याकडे निघाले.

"चार्ज!" हॅरल्ड विरुद्ध दिशेला तोंड करून ओरडत होता. "मेजर, नो! मेजर!"

पळायच्या तयारीत असलेल्या बंडखोरांपैकी एकाने मोठ्याने विचारले, "आम्ही पळायचं की नाही?"

घोडे काकूसमोर रांगेत थांबले. काकू जराही बिचकली नाही. "घे बाई," म्हणत तिने मेजरला अर्धा लाडू दिला, मग बाकीच्यांनाही, आणि वर पाहिले. "तुम्ही पण घ्या, साहेब." हॅरल्ड एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात लाडू घेऊन बसून राहिला.

काका डोळे पुसत होते. "आजोबांनी दोन वर्षं तुरुंगात काढली, शैला. तू एका डब्यात उरकलंस!"

इतक्यात तिसरी तोफ उडाली. (तोफखान्याला कुणी कळवले नव्हते.) एकाही घोड्याचे चघळणे थांबले नाही. सवयीने मी मेजरच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके अगदी संथ होते. प्राध्यापिका शांतपणे माझी वही चाळत होत्या.

"तुझ्या डब्यात काय असतं?"

"गूळ."

"वर्षभर?"

"हो."

"वहीत कुठे आहे?"

मी स्टेथोस्कोप कानांतून काढला.

"म्हणजे घोडे कवायतीने धीट झाले की गुळाने, हे तुला सांगता येणार नाही."

"नाही."

"आणखी एक वर्ष," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा लाडू घेतला.

त्या रविवारनंतर मी जेवणाच्या टेबलावर नव्याने आखणी करायला बसले. तीन घोड्यांना गूळ, तिघांना काही नाही. या वेळी एकही घटक सुटणार नव्हता. आतून आवाज आला : टण, टण. भानावर आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुढे करून उभी होते. काकूने मागे वळूनही न पाहता त्यावर लाडू ठेवला.

"सातवा घोडा," काका पेपरामागून म्हणाले.

नव्या वहीतली पहिली नोंद तीच आहे.